काचेची रजई

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला तुमच्या नव्या घराचा माळा दाखवलास. छपराखाली गुलाबी लोकरीच्या गाद्या अंथरलेल्या होत्या, मध्येमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या. "आजी, हे सगळं काढून नवीन घालायचंय. तीन कंपन्या आहेत, तिन्ही सारख्याच वाटतात. कोणती घेऊ?" असं तू सहज बोलून गेलास आणि मागून तुझी बहीण हसली. "आजीला काय विचारतोस? जबलपूरला कशाला लागतंय ते?"

लागतं. म्हणूनच हे लिहिते आहे. तुम्ही जी वस्तू थंडी घरात येऊ नये म्हणून घालता, तीच आमच्या गल्लीत एका बाईनं ऊन आत येऊ नये म्हणून घातली होती. आणि घालण्यापूर्वी तीन कंपन्यांची अशी परीक्षा घेतली होती, की अख्ख्या गल्लीला दही खावं लागलं.

तिला सगळे दीदी म्हणत. तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, ती शिवण शिकवायची. आमची घरंही जबलपूरच्या मदन महल भागात समोरासमोर. दोघी निवृत्त झालो तरी ती मला 'इंग्रजीवाल्या बाई' म्हणत राहिली, आणि त्यात आदर किती अन् चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. एका परिच्छेदात एकच विषय ठेवावा असं मी मुलींना नेहमी सांगत आले. दीदीबद्दल लिहिताना ते जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तिच्या वर्गात रागावणं नव्हतं. मुलीनं टाका चुकवला की ती कापड डोळ्यांजवळ धरायची, परत द्यायची आणि म्हणायची, "चुकलं. उसव." बस. मुलगी रडली तरी तेच, मुलीची आई भेटायला आली तरी तेच. एकदा शाळेत कोणी मोठे पाहुणे यायचे होते. व्यासपीठाचा पडदा मुलींनी शिवला होता आणि त्याची खालची दुमड जराशी वाकडी गेली होती. पाहुण्यांची गाडी निघाल्याचा निरोप आला तेव्हा दीदी स्टुलावर बसून तो पडदा उसवत होती. मोठ्या बाई धावत आल्या. "दीदी, पाहुणे येऊन राहिले ना."

"येऊ द्या," दीदी म्हणाली. "वाकडा पडदा पाहून गेले तर सरळ पाहायला पुन्हा येतील का?"

पाहुण्यांनी भाषण पडद्याविना केलं. पडदा दुसऱ्या दिवशी लागला, सरळ.

तिनं लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मापाचं मिळालं नाही." त्यापुढे कोणी विचारत नसे.

तर, खोलीचं. तिच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा गच्चीवर एक खोली काढली होती. डोक्यावर उघडा स्लॅब, तीन बाजूंनी ऊन. तिथं उन्हाळ्यात ते स्वतः कधी बसले नाहीत, पापड मात्र छान वाळायचे. कोनाड्यात ठेवलेली मेणबत्ती चैत्र संपायच्या आत कमरेतून वाकायची. शेवटच्या आजारात वडिलांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, मीही होते: घर मुलाचं, पण जोवर ती राहते आहे तोवर वरची खोली तिची. धाकट्या भावानं मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. फक्त हिशेबी होता, आणि त्याला ठाऊक होतं की त्या खोलीत उन्हाळ्यात कोणीही राहू शकत नाही. आमच्याकडे कोचिंगला येणाऱ्या मुलांचा सुळसुळाट झाला होता. तीन खाटा टाकल्या की खोली भाड्यानं जाणार, आणि ताई खाली स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत येणार, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

"ताई, मी कुठं नाही म्हणून राहिलो?" तो माझ्यासमोर तिला म्हणाला. "मी कशाला वाईट होऊ? नौतपा आला की तूच उतरशील."

नौतपा तुम्हाला ठाऊक नसणार. मे महिन्याच्या अखेरीचे ते नऊ दिवस. तेव्हा आमच्या शहरात दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात.

भाऊ खाली गेल्यावर दीदी मला म्हणाली, "एकदा मी खाली उतरले ना बाई, की वर यायचा जिना त्याचा होईल."

मी म्हटलं, मग एसी लाव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी टाका चुकवला होता. "वीज त्याच्या मीटरची. एसी माझा, बटण त्याचं. नको."

तुझ्या माळ्यावरची ती लोकर, म्हणजे ग्लासवूल, तिला कुठं भेटली, तेही सांगते. बँकेत छताची दुरुस्ती चालली होती आणि वरून पिवळी लोकर लोंबत होती. शिवणाच्या बाईला नवीन काही दिसलं की हात लागतोच. तिनं बोटं खुपसली आणि पुढे बराच वेळ खाजवत बसली. ग्लासवूल म्हणजे काचेचे केसासारखे तंतू, ते कातडीत रुतणारच. पण तिचा निष्कर्ष वेगळा होता. "इतकं चावतं म्हणजे राखण चांगली करत असणार."

दुकानात मी सोबत गेले होते. दुकानदारानं तीन कंपन्यांचे गुंडाळे काढून ठेवले. एक पिवळा, एक पांढरट, एकाला चंदेरी कागद.

"माताजी, तीनों एक ही हैं. जो चाहे ले जाओ."

"एक ही हैं तो नाम तीन काय रखे?"

तो हसला. मग चंदेरीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ये विदेशी टेक्नॉलॉजी है."

"गर्मी तो देसी है ना भैया," दीदी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाई, वाचा. काय लिहिलंय?"

मी चष्मा लावून तिन्ही वेष्टनांवरचं इंग्रजी वाचलं आणि तिला मराठीत सांगितलं. पहिली कंपनी म्हणत होती आम्ही सर्वोत्तम, दुसरी म्हणत होती आमच्यासारखं कोणी नाही, तिसरी म्हणत होती जग आमच्यावर विश्वास ठेवतं.

"अच्छा. म्हणजे तिघींनी आपापले मार्क आपणच देऊन टाकले," दीदी म्हणाली. "परीक्षा घ्यावी लागेल."

पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडून तिनं तीन लाकडी पेट्या मिळवल्या. प्रत्येक पेटीला चहूबाजूंनी आणि वरून एकेका कंपनीच्या लोकरीचं पांघरूण करायचं ठरलं. मग ती गच्चीवर शिवायला बसली. वडिलांचा कारखान्यातला जाड खाकी डगला, हाताला खोबरेल तेल, तोंडाला ओढणी आणि डोळ्यांना पोहणाऱ्यांचा चष्मा. आमच्या खिडकीतून ती कोणी अंतराळवीर गोधडी शिवते आहे अशी दिसायची. गल्लीतल्या लोकांनी हळूहळू त्या वेळी गच्चीवर यायला सुरुवात केली, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं.

तिन्ही लोकरींना तिनं वेगवेगळ्या रंगाच्या अभ्र्यांत घातलं, लाल, निळ्या आणि पिवळ्या, आणि रजईसारखे टाके घातले. कोणत्या रंगात कोणती कंपनी, ते तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. कंपनीचं नाव तिनं आतल्या शिवणीत रेशमानं काढून ठेवलं, शाळेच्या गणवेशावर आपण मुलीचं नाव आतून काढतो तसं. "नाव बाहेर दिसलं की चव बदलते," ती म्हणाली.

चव, कारण परीक्षा दह्याची होती. एकच दूध, एकच विरजण, तीन सारखी भांडी. सकाळी तिन्ही पेट्यांत लागलेलं दही ठेवायचं, दिवसभर गच्चीवरच्या उन्हात, आणि दुपार उतरली की चाखायचं. ज्या पेटीत ऊन जास्त शिरलं तिच्यातलं दही जास्त आंबणार. मी सुचवलं की थर्मामीटर मिळतो.

"थर्मामीटर आकडा सांगेल. मला आकड्यात नाही राहायचं, खोलीत राहायचंय. जिथं दही आंबतं तिथं माणूसही आंबतं."

स्वतः मात्र ती चाखणार नव्हती. तिला नावं माहीत होती ना. पेपर काढणाऱ्यानं पेपर द्यायचा नसतो, एवढी शिस्त तिच्यात होती. मग चाखणार कोण? चैत्रगौरीचे दिवस होते. दीदीनं हळदीकुंकू ठेवलं.

यातली गंमत तुम्हाला समजावून सांगायला हवी. हळदीकुंकू सवाष्णींचं असतं. दीदीला गल्लीत कोणी अशा समारंभाला बोलवत नसे. मुद्दाम टाळायचे असं नाही, पण आठवण कोणालाच होत नसे. आता तिनंच बोलावलं म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या एक वयस्कर बाई दारात थबकल्या. "दीदी, तुम्ही हळदीकुंकू करून राहिल्या? पण तुमचं तर..."

"माझं लग्न नाही झालं. म्हणजे मी कुमारिका," दीदी म्हणाली. "कुमारिकेचा मान सवाष्णीच्या आधी असतो. या, बसा. पाय पोळतील, चटईवरून या."

सगळ्या बसल्या. हातावर हळदकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, आणि मग प्रत्येकीच्या पुढ्यात तीन वाट्या दही. लाल, निळ्या आणि पिवळ्या पेटीतलं. "कोणतं आंबट आहे, सांगा," दीदी म्हणाली.

पहिलीनं तिन्ही चाखलं. "छान आहे हो."

दुसरी म्हणाली, "तिन्ही सुरेख लागलंय."

तिसरीनं विरजण कुठलं ते विचारलं. मीही चाखलं. निळ्या पेटीतल्या दह्यानं माझे दात आंबले होते आणि शेजारच्या बाईचा एक डोळा मिटला होता, पण तीसुद्धा "गोड आहे, गोड" म्हणत होती. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जाऊन यजमानणीचं दही आंबट आहे असं म्हणणारी बाई मराठी घरात अजून जन्मायची आहे. दीदीनं सगळं मोजून-मापून केलं होतं, फक्त परीक्षक चुकले होते. वाट्या गोळा करताना तिचा चेहरा मी पाहिला. मुलीनं अख्खा परकर उलटा शिवून आणल्यावर व्हायचा तसा.

तेवढ्यात तिची भावजय जिना चढून आली. बोलावणं तिला होतं, पण नवऱ्याला आवडणार नाही म्हणून ती उशिरा, सगळ्या उठायच्या वेळी आली होती. या भावजयीनं कोणाचं काही चांगलं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या मुलीच्या लग्नात जेवून ती मला म्हणाली होती, "मठ्ठा तेवढा बरा होता." दीदीनं तिच्यासमोर तीन वाट्या ठेवल्या.

तिनं उभ्यानंच चाखलं. "हे काय दही आहे, दीदी? निळं तोंडात घालवत नाही. पिवळं त्याचीच बहीण. लाल चालेल. म्हणजे चांगलं नाही, चालेल."

गल्लीतल्या बायांनी माना खाली घातल्या. दीदीनं उठून भावजयीला दुसऱ्यांदा हळदकुंकू लावलं. "चलो, एक तरी निघाली," ती म्हणाली. "तू उद्यापण ये. रोज ये. आणि जे वाटेल ते बोल."

भावजय रोज येऊ लागली. मला वाटतं, खरं बोल म्हणून तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं. भाऊ खालून विचारायचा, "तू काहून वर जाऊन राहिली?" आणि ही जिन्यावरून उत्तर द्यायची, "दही खायला."

निकाल रोज तोच लागायचा. लाल पास, बाकी दोन्ही नापास. मला वाटलं, झालं, लाल रजईतली कंपनी घ्यावी आणि मोकळं व्हावं. दीदी मात्र लाल रजईवर हात फिरवत बसली होती. मग निळीवर फिरवला, मग पिवळीवर.

"बाई, ही लाल मी सगळ्यात शेवटी शिवली. हळदीकुंकवाची घाई होती, टाका लांब पडला. लाज वाटत होती मला तिची. आणि ह्या दोघी बघा, बारीक टाका, मापात. पापडासारख्या चपट्या झाल्या." तिनं निळी रजई चिमटीत दाबून पाहिली. "हे कापड नाही. हे फुगलेलं आहे. ह्याच्यात हवा कोंडलीय, तीच ऊन अडवते. आणि मी टाके घालून घालून हवाच काढून टाकली. कंपन्या नाही नापास झाल्या. मी त्यांना दाबून मारलं."

जन्मभर तिनं मुलींना बारीक टाका शिकवला होता. तिच्या बारीक टाक्याला तालुक्यात तोड नव्हती. नौतपा दारात आला होता आणि भाऊ कोठी रंगवून घेत होता. मला वाटलं, आता ती खचेल.

"चुकलं," ती म्हणाली आणि कात्री घेतली. "उसवते."

तिन्ही रजया उसवल्या, झटकून पुन्हा फुगवल्या आणि लांब, सैल टाक्यांनी पुन्हा शिवल्या. पुन्हा दही, पुन्हा भावजय. या वेळी तिघींत फरक राहिला तो थोडासाच. भावजयीनं तो पकडला, पण कोणत्या रंगाचं दही चांगलं म्हणाली ते तिनं माझ्या कानावर येऊ दिलं नाही. दीदीनं तिला तशी शपथच घातली होती. मग दीदी एकटी रिक्षानं जाऊन जुन्या चादरींत बांधलेली लोकरीची गाठोडी घेऊन आली. सुतारानं स्लॅबखाली पट्ट्या ठोकल्या, त्यांच्यावर काचेच्या रजया बसल्या आणि खालून गणवेशाच्या निळ्या कापडाचं छत शिवून ताणलं गेलं. एक सुरकुती नव्हती त्याला.

नौतप्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. दुपारची वेळ. खाली भावाचा एसी बंद, पंखे बंद. मी दीदीकडे वर गेले होते, कारण आमच्या घरातही भट्टी पेटली होती. खोली थंड नव्हती. तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण ती राहण्यासारखी होती. दीदी पायाच्या मशीनवर काहीतरी शिवत होती, आणि कोनाड्यात मेणबत्ती सरळ उभी होती.

जिन्यावर पावलं वाजली. भाऊ दारात आला, बनियनवर, घामानं निथळत. आधी त्यानं छताकडे पाहिलं, मग मेणबत्तीकडे. दीदीनं मशीनवरचा एक पाय काढून चटई त्याच्याकडे सरकवली. तो आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला. उठला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"ताई, कोणत्या कंपनीचं आहे गं हे?"

"आत लिहिलंय. उसवून बघ."

त्यानं वर पाहिलं. नाव वाचायचं तर अख्खं छत उसवावं लागणार होतं. तो माठातलं पाणी प्यायला आणि खाली गेला. नौतप्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. कोठीत त्या वर्षीचे गहू भरले.

मीही तिला पुष्कळदा विचारलं. निदान मला तरी सांग. ती म्हणायची, "इंग्रजीवाल्या बाई, तुम्ही तुमच्या वेळी पेपर फुटू द्यायच्या का?" दुकानदाराला विचारावं म्हटलं तर त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भावजय शपथेला पक्की निघाली.

त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा दीदीनं वरच काढला. गेली ती गेल्या मार्गशीर्षात, कडाक्याच्या थंडीत, कापसाची साधी रजई पांघरून. उन्हाळ्यात गेली असती तर शेवटी उन्हानंच उतरवलं असं गल्लीत कोणी ना कोणी म्हणालंच असतं. तिनं तेवढीही संधी ठेवली नाही.

यंदा चैत्रात भावानं खाटावाल्याला बोलावलं. मी खिडकीतून पाहत होते. दोघं माप घ्यायला वर गेले आणि थोड्याच वेळात खाटावाला एकटा खाली आला. संध्याकाळी भावजय माझ्याकडे आली, चहा पाणचट झाला असं म्हणाली आणि मग सांगू लागली. "खोली द्यायची नाही म्हणतात. म्हणतात, ती राहते तोवर तिची. मी म्हटलं, अहो, ती तर गेली. तर म्हणतात, छत आहे ना."

आता रोज दुपारी तो वर जाऊन झोपतो. खालचा एसी चालू असला तरी. परवा तू विचारल्यावर मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याला म्हटलं, आतातरी बघ की नाव, माझ्या नातवाला हवंय.

"वहिनी, उसवावं लागेल ना," तो म्हणाला. "आणि परत तसं शिवेल कोण?"

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. दाबून भरू नकोस, एवढंच सांगू शकते. तिन्हींची थोडी थोडी आण, पेट्या कर, दही लाव आणि चाखायला तुझ्या बहिणीला बसव. ती खोटं गोड बोलणारी नाही. आणि नावच हवं असेल तर इथं ये, शिडी लाव आणि स्वतः उसव. मात्र दरवेळसारखा डिसेंबरात येऊ नकोस. डिसेंबरात सगळ्याच खोल्या राहण्यासारख्या असतात. नौतप्यात ये.